जयाच्या पेटीतल्या दोन बाटल्या

“महादेव, हे जार परत टेम्पोत चढीव.”

माझा मेव्हणा खांद्यावरच्या जारसकट दारातच थबकला. दोन जार त्यानं आधीच सोप्यात ठेवले होते. जयाचं, माझ्या बायकोचं, त्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. बहिणीच्या जेवणाला पाणी आपल्या दुकानाचं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

“दाजी, आजच्या दिवशी तरी वाकडं बोलू नगा. आक्काच्या जेवनाला माझं पानी न्हाय तर कुनाचं?”

“हिरीचं. सकाळधरनं उकळाय लावलंय.”

“ह्या उन्हात उकळल्यालं? लोकास्नी पानी वाढनार का काढा?”

चुलीजवळच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

गावातलं पाणी तपासायला पंचायतीनं पाच बायका नेमल्या होत्या, त्यात जया होती. तिला एक पेटी मिळाली होती. पेटीतल्या लहान बाटलीत आधीच औषध असतं, तिच्यात पाणी भरून ठेवायचं. दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिऊ नये. जयानं गावातला एक नळ, एक विहीर सोडली नाही. नळाचं पाणी काळं पडलं तेव्हा घरोघर जाऊन तिनंच सांगितलं, महादेवच्या दुकानातलं मशीनचं पाणी प्या.

मी एकदा म्हटलं होतं, “त्येचं बी बघ की एकदा.”

“भावाच्या पान्यात बाटली बुडवू व्हय? त्येला काय वाटंल?”

मीही पुढं बोललो नाही. घरात तेच पाणी येत राहिलं. मागच्या वैशाखात गल्लीतली पाच माणसं काविळीनं पडली. चौघं उठली. जया नवव्या दिवशी गेली. पंचायतीत विचारलं, तर साहेब म्हणाले, नळ आमचा, दुकान आमच्यात येत नाही.

वर्षभर मी त्या पेटीला हात लावला नव्हता. परवा उघडली. दोनच बाटल्या उरल्या होत्या. एकीत महादेवच्या जारचं पाणी भरलं, दुसरीत विहिरीचं उकळून गार केलेलं. दोन्ही तिच्या फोटोमागं ठेवल्या. आता त्या काढून महादेवसमोर धरल्या. विहिरीच्या पाण्याची होती तशीच होती. दुसरी काजळीसारखी काळी झाली होती.

त्यानं खांद्यावरचा जार खाली ठेवला.

“बाटली जुनी असंल.”

“दोनी एकाच पेटीतल्या हायत.”

“मशीन नवं हाय माझं, दाजी. गेल्या वर्सीच बसवलंय.”

“आनि वरची टाकी? ती कवा धुतलीस?”

तो गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसत राहिला.

तेवढ्यात बाळाबाई आल्या. महादेवची आणि जयाची आई. सदलग्याची बस चुकली म्हणून अर्धी वाट चालत आल्या होत्या. सोप्यात टेकल्या. लेकीच्या फोटोकडं एकदा बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या जारची तोटी सोडून फुलपात्र भरलं.

“आये, थांब!” महादेव ओरडला. “ते नगं पिऊस.”

म्हातारीनं फुलपात्र तोंडापाशीच धरलं. “का रं? तुझंच पानी हाय की.”

बाहेर महादेवच्या ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला. उरलेले जार संकेश्वरच्या बाजूला एका लग्नाला जायचे होते.

“महादेव, हाक मार त्येला,” मी म्हणालो. “लगीनघर हाय. पोरंबाळं असतील.”

त्यानं आईच्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं, अंगणात जाऊन रितं केलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला. मी काळी बाटली घेऊन रस्त्यावर पळालो, ओरडलो. टेम्पो तंबाखूच्या वखारीपाशी वळला. महादेवनं हाक मारली नाही.