लव्हाळ्याच्या गाठी

मासे धरायची काठी ती, पण कचरू ती खांद्यावर टाकून गावातून असा चालायचा, जसा काही पलटणीतून बंदूक घेऊन सुटीवर आलाय. पाराशी जायचा, काठीचे तीन तुकडे सोडायचा, पुन्हा जोडायचा, पितळी सांधे धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि बसलेल्यांना दोरी गुंडाळायच्या चरखीचा कर्र कर्र आवाज ऐकवायचा. घरी जाळ्याला हात जाईल एवढं भोक पडलं होतं, ते तसंच. पंधरा दिवसांत त्यानं सुताची दोरी बाभळीच्या सालीत उकळली नव्हती, की बेडक्या धरायला टोपली उचलली नव्हती. काम सांगितलं तर म्हणायचा, आता बेडकी कशाला, आता चमचा हाय.

त्याच्या आईला, सोनूबाईला, या चमच्याचं नाव काढलं तरी तिडीक उठायची.

सामान पुलाच्या साहेबाचं. बदनापूरच्या अलीकडं रेल्वेचा पूल होता. तो तपासायला एक गोरा साहेब ट्रॉलीवर बसून यायचा आणि काम उरकलं की पुलाखालच्या धारेत मासे मारत बसायचा. कचरू त्याचं ओझं वाहायचा. साहेबाची बदली झाली तेव्हा जुनी काठी, चरखी, रेशमी दोरी आणि पत्र्याच्या डबीत तीन चमचे तो कचरूला देऊन गेला. चमचा म्हणजे खायचा नव्हे. बोटभर पितळी पत्रा, शेपटाला तीन तोंडांचा गळ. पाण्यातून ओढला की लुकलुकत गिरक्या घेतो आणि माशाला वाटतं, मासोळी पळाली.

सोनूबाईनं ती काठी पहिल्याच दिवशी हातात धरून वाकवून पाहिली होती. रागावली तरी ती कारागिरी ओळखणारी बाई होती. काठी हलकी, गुळगुळीत, नजर लागावी अशी. पण शेंडा फार नरम. तिनं तिथंच सांगितलं, ही वाहत्या पाण्याची काठी हाय, धारेत मासा दमवायची. डोहातली मरळ दमवत बसायची नसते. गळ लागला की ती तळच्या शेवाळात शिरते, तिला पहिल्या झटक्यात वर घ्यावी लागते. त्याला येळवाची, बांबूची ताठ काठी पाहिजे, पौषात तोडून सावलीत वाळवलेली. आणि गळाला पाहिजे जिती बेडकी. पितळ चाटून कुणाचं पोट भरतं?

कचरू हसला, आणि आठ दिवसांनी एका संध्याकाळी त्यानं दोन मरळी आणून ओट्यावर टाकल्या. सोनूबाईला दोन दिवसांत एक मिळायची.

गावाजवळ दुधना नदीच्या वळणावर भोयांची अकरा घरं होती आणि अकरा घरांत मिळून एक डोह. कुणी कुठं गळ टाकायचा आणि कधी टाकायचा नाही, हे एका घरानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पहिल्यापासूनची चाल. ते घर सोनूबाईचं. नवरा पुंजाराम गेला तेव्हा बाईमाणसाला डोह झेपंल का म्हणून दोघातिघांनी कुजबुज केली होती. तिनं त्यांची अशी खरडपट्टी काढली की त्यातला कडूबा अजूनही तिच्यासमोर चिलीम पेटवत नसे. बारा वर्षं तिनं डोह राखला. आता डोळ्यांवर पडदा आला होता, म्हणून येत्या पोळ्याला अकरा घरांसमक्ष डोह कचरूच्या हवाली करायचं तिनं ठरवलं होतं, आणि तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

डोह राखणं म्हणजे मुख्य काम गाठींचं. पाऊस लागला की मरळ पिल्लं काढते. बारीक पिल्लांचा थवा कुंकू सांडल्यासारखा लाल दिसतो, पाण्याच्या तोंडाशी वळवळत राहतो, आणि नर-मादी दोघं त्याच्या खाली पहारा देतात. अशा जोडीला भोई लेकुरवाळी म्हणतात. आषाढात डोहाला फेरी घालायची, लाल पाणी दिसेल तिथल्या काठच्या लव्हाळ्याला गाठ मारायची. पिल्लं काळी पडून पांगेपर्यंत त्या गाठीसमोर कुणीही गळ टाकत नाही. मग भुकेनं जीव जात असला तरी नाही.

यंदा फेरी घालायचं काम तिनं कचरूला दिलं होतं. त्यानं पाच गाठी मारल्या, पाचही तिला बोट दाखवून सांगितल्या. मग साहेबाची काठी आली. त्यानंतर आठ दिवसांनी तो म्हणाला की पलीकडच्या काठाची पिल्लं पांगली, तिथल्या तीन गाठी सोडल्या. इतक्या लौकर? तिनं विचारलं. तो म्हणाला, औंदा पाणी लौकर चढलं, मंग पिल्लंबी लौकर वाढली. तिला पलीकडचा काठ हिरवा-काळा धूर दिसायचा. पोटच्या पोराच्या डोळ्यांवर तिनं विश्वास ठेवला.

गावात मात्र कचरूचं कौतुक मावेना. टेसनावर त्याच्या मरळी टोपली उतरायच्या आत संपायच्या. एक दिवस डोहाच्या धोंड्यावर, चारचौघांत, कडूबानं तोंड उघडलंच. सोनूमायची येळवाची काठी आता वांग्याच्या झाडाला टेकू द्यायला बरी, असं तो म्हणाला, आणि माणसं हसली. कचरूही हसला.

हे तिला सोसणं शक्यच नव्हतं. तिनं पदर खोचला, पोराच्या हातातून काठी ओढून घेतली आणि म्हणाली, टाकून दाखवते.

पहिल्या फेकीला चरखी नुसतीच गरगरली आणि दोरीचं चिमणीचं घरटं झालं. कुणी हसायच्या आत तिनं सगळ्यांवरून अशी नजर फिरवली की हसू जागच्या जागी विझलं. खाली बसून नखानं एकेक वेढा सोडवला. तेवढ्यात तिला खोड कळली: चमचा पाण्याला टेकायच्या आधी चरखीवर अंगठा दाबायला हवा. ती उठली.

"समोर गाठ न्हाई ना रं?" तिनं विचारलं.

"न्हाई, माय. त्या वाकलेल्या करंजाच्या सावलीत टाक. बिनधास्त."

चमचा उडाला तो थेट पलीकडं, तीस हात. येळवाच्या काठीनं दहा हातांपुढं कधी गेली नव्हती ती. अंगठा बराबर पडला, चमचा सावलीत उतरला. तिनं चरखी चार वेढे फिरवली असेल नसेल, पाणी फुटलं आणि काठीचा शेंडा गपकन खाली गेला. बाकीचं सांगायला नको. तिच्या मनगटात पन्नास वर्षांच्या मरळी होत्या. शेंडा नरम म्हणून तिनं काठी आडवी धरली, मरळीला शेवाळाकडं तोंड करू दिलं नाही, आणि हातभर लांबीचं जनावर धोंड्यावर आणून आपटलं. कडूबानं स्वतःहून पागोटं काढून मान झुकवली. सोनूबाई हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी अंगणात तिची सून, कचरूची बायको द्वारकाबाई, राखेत हात बुडवून मरळ साफ करायला बसली. सोनूबाई जवळच बसून, चरखीवर अंगठा कसा दाबायचा ते तिला तिसऱ्यांदा सांगत होती. द्वारकेनं पोट फाडलं आणि आतडं बाजूला ठेवलं. पोटात काही नव्हतं. बेडकी नाही, किडा नाही, मासोळीचा काटासुद्धा नाही. आतडं वाळल्या वादीसारखं.

 सोनूबाईनं मरळीचं डोकं उचलून जबडा चाचपला. गळाची जखम तोंडाच्या आत नव्हती. बाहेरून, गालाला होती. बेडकी गिळणाऱ्या मरळीचा गळ घशात सापडतो. भुकेली मरळ गिळते. ही गिळायला आलीच नव्हती.

तिनं सुनेला विचारलं, याच्या आधीच्या मरळींचं पोट कसं निघालं होतं.

"समद्यायचं रिकामंच निघून राह्यलं, आत्याबाई," द्वारका म्हणाली. खाली मान घालून म्हणाली, पण म्हणाली. "आमच्या माहेरी, शहागडाकडं, असं पोट लेकुरवाळीचंच निघतं. पिल्लं राखती तवर ती खात न्हाई. मी ह्यांना बोल्ले व्हते. हे म्हणले, तोंड मिटून विळी चालव."

"मंग मला का न्हाई सांगितलं? तुला तोंड न्हाई?"

"तुम्हीच म्हणल्या व्हत्या, डोहाच्या गोष्टीत सुनांनी बोलायचं न्हाई."

म्हटलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, चार बायकांसमोर, फणकाऱ्यानं म्हटलं होतं. सोनूबाई उठून आत गेली आणि त्या दिवशी चुलीवरचं कालवण तिनं ताटात घेतलं नाही.

सकाळी उजाडल्यावर ती सुनेचा हात धरून निघाली. वरच्या उथळ पाण्यातून नदी ओलांडली आणि डोहाचा पलीकडचा काठ गाठला. या वर्षी पहिल्यांदाच. करंजाखाली लव्हाळ्यात तिनं बोटं फिरवली. एक पात मध्येच मुरगळलेली लागली. गाठ मारलेली आणि सोडलेली पात पुन्हा सरळ होत नाही. पुढं दहा पावलांवर दुसरी. तिच्या पुढं तिसरी.

आणि पायाशी, पडद्याआडच्या डोळ्यांनाही दिसावं इतक्या जवळ, लाल पाणी. काळं पडलेलं नाही, पांगलेलं नाही. लालभडक, अजून कोवळी पिल्लं. तिनं लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि थव्याच्या शेजारी पाण्यात पाय सोडला. खाली पहारा असता तर मरळीनं पायाला धडक मारली असती. लहानपणी तिच्या घोट्याला एकीनं चावा घेतला होता. काहीच आलं नाही. तिनं पाय हलवला, पाणी ढवळलं. काही नाही. थवा इकडून तिकडं होत होता, धनी नसलेल्या कोंबड्यांसारखा. खंड्या पक्षी करंजावरून सूर मारायचा, उठायचा, पुन्हा मारायचा. खालून शिंगाळे मासे येऊन मुठीमुठीनं पिल्लं ओढून नेत होते. तिसऱ्या जागी तर पाणी नुसतं पाणी उरलं होतं.

आता तिला सगळं कळलं. चमच्याची जादूबिदू काही नव्हती. पिल्लांच्या अंगावर लुकलुकतं काहीतरी धावून येतंय म्हटल्यावर आई तोंड उघडून मारायला धावली होती. खायला नव्हे. आणि कालची ती, जिच्यासाठी कडूबानं पागोटं काढलं, तिला कुणी ओढून काढलं होतं?  द्वारका म्हणाली, जरा टेका आत्याबाई, पण ती टेकली नाही.

धोंड्याशी परत आली तेव्हा कचरू काठी जोडत होता. कडूबा आणि आणखी चारपाच जण बघायला जमले होते. तिनं आरडाओरडा केला नाही. मुरगळलेली पात कचरूच्या पुढ्यात टाकली आणि सगळ्यांसमोर विचारलं, या तीन गाठी कुणी सोडल्या, आणि कशासाठी.

कचरू आधी म्हणाला, म्हशींनी तुडवलं असंल. मग म्हणाला, एक जोडी लाखानं पिल्लं घालते, दोनचार जोड्या गेल्या तर नदी काय आटून जाती का. मग कुणीच आपल्या बाजूनं बोलत नाही असं पाहून त्याचा आवाज चढला. समदं गाव वाहवा करून राह्यलं ते काय फुकट? आणि शेवटी तिच्याकडं बोट करून म्हणाला, "तूबी काल एक ओढलीच की, माय. तवा तर लई हसत व्हतीस."

कडूबानं मान खाली घातली. द्वारका सासूच्या मागं उभी होती. सोनूबाईनं पोराच्या हातातली काठी घेतली. सगळ्यांना वाटलं, आता गुडघ्यावर मोडते. तिनं ती मोडली नाही. तिन्ही सांधे सावकाश सोडले, तुकडे नीट एकत्र धरून त्याच्याच हातात दिले, आणि मग बोलली.

"हसले. बराबर बोल्लास. म्हणून औंदाच्या साली अन् पुढल्या साली मी गळाला शिवणार न्हाई. बेडक्या धरीन, दोऱ्या उकळीन, दुसऱ्याच्या हाताखाली बसंन, ही माझी सजा. पण मी न पाहता मारली, कचरू, तू पाहून मारल्या. पाहूनच गाठी सोडल्या, अन् आंधळ्या आईच्या हातात काठी देऊन तिला त्याच जाग्यावर टाकायला लावलं. काठीचा काई कसूर न्हाई, चांगली हाय ती. पुलाखाली जा, वाहत्या पाण्यात टाक, तिथं तिचं काम हाय. या डोहात तुझा गळ पडणार न्हाई. मी जिती हाय तवर न्हाई, अन् मी गेल्यावरबी न्हाई, हे या समद्यायनं ऐकावं. पोळ्याला डोह द्वारकेच्या हवाली होईल. तिला मी तोंड मिटायला लावलं व्हतं, आता ती बोलंल अन् अकरा घरं ऐकतील, तूबी ऐकशील. व्हय बाजूला, धोंडा मोकळा कर. तिला फेरीला निघायचंय."