सरपणावर घालायचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. मला अजून तंबू म्हणावे की नुसते जाडे कापड, याबद्दल घरात दुमत आहे, आणि खरे सांगायचे तर माझीही खात्री उरलेली नाही.

मला एका शिंप्याने शिवले. माझ्या कापडात मशीनची सुई मोडायची, म्हणून दोऱ्याला मेण लावून त्याने माझ्या साऱ्या शिवणी हातानेच घातल्या. हा खटाटोप त्याच्या दोन मुलांसाठी होता, एक मुलगा आणि एक मुलगी. सुट्टी लागली की तो त्यांना जवळपासच्या वनउद्यानांत मुक्कामाला नेई. शेजारच्या तंबूतली माणसे येऊन माझ्या शिवणीवरून बोट फिरवत आणि मी जरा जास्तच ताठ उभा राही. पुढे मुले मोठी झाली. मी मुलाच्या वाट्याला आलो आणि त्याच्या माळ्यावर जाऊन पडलो.

आता तो मुलगाही एका मुलीचा बाप आहे. यंदा त्याने बायको-मुलीला घेऊन दोन उद्याने पाहायची आणि शेवटी बहिणीकडे जायचे असे ठरवले. मला माळ्यावरून खाली काढले तेव्हा मी हुरळून गेलो. पण गाडीत माझ्याआधीच एक जण येऊन बसला होता. नवा, निळा, थाळीसारखा चपटा तंबू. नुसता फेकला की आपोआप उघडतो म्हणे.

"मग हा जुना कशाला घेतलाय?" मुलीने विचारले.

"आत्याला द्यायचाय," आई म्हणाली. "सरपण झाकायला काहीतरी जुनंपानं आणा, म्हणाल्या होत्या वन्सं."

सरपण. डिकीत पडल्या पडल्या मी तो शब्द ऐकला आणि पुढचा रस्ता कसा गेला ते मला कळले नाही.

पहिल्या उद्यानात नुसते फिरणे झाले. मुक्काम दुसऱ्यात होता, तळ्याकाठी. तिथे निळ्याला फेकले आणि तो फट्‌दिशी उभा राहिला. मुलीने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला उभे करायला दोन माणसे, खुंट्या आणि थोडे भांडण लागायचे. मग मला त्याच्या खाली अंथरले. त्याला ओल लागू नये म्हणून. माझा नुसता जळफळाट झाला. वारा सुटावा आणि याच्या आतली एखादी तार मोडावी, असे मी मनात म्हणत राहिलो. असे म्हणू नये हे कळत होते, तरी म्हणत राहिलो.

सकाळी निघताना निळ्याची घडीच होईना. तो उघडतो कसा हे तिघांनीही मन लावून पाहिले होते. मिटतो कसा हे पाहायचे कोणालाच सुचले नव्हते. बापाने त्याला गुडघ्याखाली दाबले, पिळले, पोटाशी धरले. तो निसटून पुन्हा टम्म.

"घडी घालताय की कुस्ती खेळताय?" आईने विचारले.

"तू ये ना मग आखाड्यात."

मला गुदगुल्या झाल्या. पण तो शेवटी फुगलेलाच गाडीच्या टपावर चढला, आणि त्याला बांधायला दोर काढले ते माझे. तिथेच माझा आनंद संपला.

आत्याने फाटकातच विचारले, "आता घर डोक्यावर घेऊन फिरायला लागलात का रे?"

बापाने हसत मला बाहेर काढले आणि सरपणाच्या ढिगावर टाकले. आत्याचे हसू मावळले. तिने मला उचलले आणि माझी शिवण नखाने चाचपली.

"बाबांनी शिवलेला तंबू सरपणावर टाकतोस होय?"

"अगं, तूच मागितलंस ना काहीतरी जुनं?"

"मग काय मागायचं होतं? तंबू दे म्हणाले असते, तर दिला असतास?" तिने माझ्यावरचा लाकडाचा भुसा झटकला. "बाबांनी तुला दिला. मुक्कामाला गेलं की आत दारालगतची जागाही तुलाच द्यायचे. मी आपली मागे कोपऱ्यात. तळं बघायचं तर तुझ्या पाठीवरून डोकवायचं."

बापाने माझ्या शिवणीवरून बोट फिरवले. "बहुतेक नसता दिला," तो म्हणाला.

मित्रांनो, मी चकित झालो. इतकी वर्षे माझ्यावरून कोणीतरी मनात जळत होते, आणि मी एका निळ्या फुग्यावर जळत बसलो होतो.

बाप टपावरचे माझे दोर सोडू लागला.

"अहो, मग याला कशानं बांधायचं?" आईने विचारले.

"कपडे वाळत घालायची दोरी देते की," आत्या म्हणाली.

बहीणभावांनी मला अंगणात उभे केले. भांडण झालेच. मग बाप आपणहून गुडघे मुडपून मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला, आणि आत्या दारालगत.

दुसऱ्या दिवशी निळा डौलात निघून गेला. मुलगी गाडीत बसतानाही मान वर करून त्यालाच पाहत होती. मला अजून थोडे लागते ते. तरी, मित्रांनो, एखादी जुनी वस्तू देऊन टाकण्याआधी एवढे करा: ती कोणाला मनापासून हवी होती का, हे एकदा विचारा. आणि आम्हाला ओले असताना मिटून ठेवू नका.

आत्याच्या अंगणात तळे नाही. दारालगत बसले की समोर फक्त सरपणाचा ढीग दिसतो, उघडाच. पाऊस आला की तो भिजणार. भिजू दे, असे आत्या म्हणते.