काचेवरचा त्रिकोण

दहावीच्या वर्गात फळ्यावरच तो भला मोठा स्मार्ट बोर्ड ठोकला, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. खडूने लिहायला बाजूला फळ्याची वीतभर पट्टी उरली, तेवढीच माझी.

"बाई, नुसतं बोट फिरवा, रेघ येते," कॉम्प्युटरची बाई म्हणाली. पोर माझ्या मुलीच्या वयाची, उत्साह नुसता उतू चाललेला.

"मला नाही जमायची असली थेरं!"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. निम्म्या जणांना तो बोर्ड नकोच होता, पण वाईटपणा घ्यायला मी होतेच ना.

खरं सांगायचं तर मी ते सगळं शिकले होते. शाळा सुटली की दार लोटून घ्यायचे आणि त्या काचेशी झटत बसायचे. रेघ काढणं, पुसणं, कोन मोजणं, सगळं डोक्यात पक्कं बसलं. ऐकत नव्हता तो फक्त उजवा हात. तो थरथरतो. खडू फळ्यावर दाबून धरला की हाताला आधार मिळतो. काचेवर कितीही दाबा, बोट जेवढं हलतं तेवढं सगळं उमटतं. माझा त्रिकोण बघून मीच हादरले. डाव्या हाताने करून पाहिलं, तर तो जन्माचा अडाणी.

हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून नवरा मला चहा अर्धाच कप देतो. शाळेत कळलं तर दहावी काढून घेतील आणि ग्रंथालयात बसवतील, पुस्तकांवर शिक्के मारायला. भूमितीशिवाय मी करू काय? त्यापेक्षा हट्टी म्हणा, जुनाट म्हणा, खुशाल म्हणा.

आज मोठ्या बाई वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या.

"आज बोर्डावर शिकवा."

"मी त्याला हात लावणार नाही."

मी खडूने फळ्याच्या पट्टीवरच त्रिकोण काढला आणि तास संपवला.

बाहेर आल्यावर मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या शिकवण्याला कोण नाव ठेवतंय? पण तुम्हाला बघून बाकीचेही हटून बसलेत. मी तरी कुणाकुणाच्या मागे लागू? सोमवारपासून दहावीची भूमिती कॉम्प्युटरच्या बाई घेतील." त्याही थकल्या होत्या बिचाऱ्या. तेव्हाच सांगून टाकायचं, तर माझी जीभ उचलेना. जे टिकवायला एवढी भांडले, तेच भांडून घालवलं.

स्टाफरूममध्ये ती कॉम्प्युटरची बाई एकटीच होती, थर्मासमधून चहा ओतत. आता ही मिरवणार, म्हणून मी तोंड फिरवलं. तिने कप माझ्यापुढे ठेवला. अर्धाच भरलेला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"परवा बोर्ड बंद करायला गेले, तर तुमचे त्रिकोण तसेच राहिले होते. मी पुसले."

"कुणाला बोललीस?"

"नाही. बाई, तासाला तुम्हीच उभ्या राहा. तुम्ही सांगाल तशी रेघ मी काढते."

माझं डोकं तडकलं. "कीव करतेस का गं माझी?"

"कीव मला माझीच येतेय! उद्या पोरांनी प्रमेयात काही विचारलं तर मी सांगू काय? मला बोर्ड येतो, भूमिती नाही येत." मग म्हणाली, "पण मोठ्या बाईंना तुम्ही सांगायचं. ते मी नाही करणार."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. चहा तसाच टाकून उठले.

मोठ्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, "आता काय?"

"जरा इकडे बघा," मी म्हटलं आणि उजवा हात त्यांच्या टेबलावर ठेवला. दाबून धरला नाही.