पाच फुटांवरचा काप

मित्रांनो, मी एक काप आहे. वय चार वर्षं, पण कॉम्प्युटरात चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. संत्रं कापल्याशिवाय आतून चांगलं की किडकं, कळतं का? हवेचंही तसंच. हॉलमध्ये हवा कशी वाहील, धूळ कुठे साचेल, ते कॉम्प्युटर काढून देतो. पण सगळं एकदम पाहिलं तर नुसता गोंधळ दिसतो. म्हणून त्या हवेचा एक पातळ आडवा काप घेतात. तो मी. धूळ जास्त तिथे मी लाल, हवा स्वच्छ तिथे निळा. मला वर-खाली सरकवता येतं. स्वतःहून मात्र मी तसूभरही हलू शकत नाही.

सौंसरच्या तृप्तीने मला घडवलं. नुकतीच इंजिनीअर झालेली हुशार पोरगी. केशवरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, धूळ फार उडायची. पंखे कुठे लावायचे ते तिला शोधायचं होतं. ती मोजमाप घ्यायला गेली तेव्हा हंगाम संपला होता, हॉल रिकामा होता. तिने कॉम्प्युटरवर तसाच हॉल उभारला, छताला पंखे लावले आणि मला पाच फुटांवर ठेवलं. माणसाचं नाक तिथेच असतं ना! मी निळाशार झालो. काय कौतुक झालं माझं! केशवरावांनी पंखे बसवले आणि माझं चित्र फ्रेम करून ऑफिसात टांगलं.

हंगाम सुरू झाला. लोधीखेड्याची चंद्रकलाबाई चौदा वर्षांपासून तिथे जमिनीवर बसून कवडी, म्हणजे डागी कापूस, वेचायची. एक दिवस ती ऑफिसात आली.

"साहेब, पंखे लागले तवापासून मी जास्तच खोकून राहिली."

"काऊन वो बाई? हवा तर साफ हाय. हे पाय, निळं!" केशवराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. ते दुष्ट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

चंद्रकलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि मला नीट पाहिलं. "मंग माह्यातच काही खोट असन," म्हणाली, आणि पुन्हा कामावर जाऊन बसली. अरे देवा, मला ओरडता आलं असतं तर!

पुढच्या हंगामात तृप्ती सहज आली. चालू कारखाना ती पहिल्यांदाच पाहत होती. बाया ओळीने जमिनीवर बसलेल्या दिसल्या आणि तिचा चेहरा उतरला. तिने तिथेच लॅपटॉप उघडून मला दीड फुटावर आणलं. मी लालभडक झालो. छताचे पंखे धूळ खाली दाबत होते आणि ती बायांच्या तोंडाशी साचत होती.

"इथे कोणाला खोकला आहे का?" तिने विचारलं.

"चंद्रकलेले होता वो ताई," सुनंदाबाई कापूस निवडता निवडता म्हणाली. "पोळ्याच्या आधी गेली बिचारी."

तृप्ती तिथेच बायांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडली.

आता पंखे भिंतीच्या पायथ्याशी आहेत, धूळ बाहेर ओढतात. तरी मला चैन नाही. मी खोटं बोललो नव्हतो, मला ठेवलं तिथलंच सांगितलं. म्हणून हात जोडून सांगतो, मला कुठेही ठेवण्याआधी माणसं कुठे बसतात ते जाऊन बघा, त्यांना विचारा. चंद्रकलाबाई तर स्वतः सांगायला आली होती, मित्रांनो. तिला माझं चित्र दाखवून परत पाठवलं.