जांभळ्या राजाशी केलेला तह

ताईचा उजवा हात थरथरू लागला त्याच सुमारास धाकट्या भावाने तिला खेळात ओढलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दुसऱ्या शहरात राहायचा आणि रविवारी दुपारी कॉम्प्युटरवरच्या लढायांच्या खेळात राज्य करायचा. "आपण दोघं एका बाजूने खेळू," तो म्हणाला. "तेवढंच बोलणं होईल."

लढाई काही ताईला जमेना. ऐन वेळी माउस हलायचा आणि घोडदळ दलदलीत जाऊन बसायचं. धाकट्याने थोडे दिवस ओठ आवळून सहन केलं. मग म्हणाला, "ताई, तू लढू नकोस. कॉम्प्युटरचे जे राजे आहेत ना, त्यांना सांभाळ. भेटी पाठवायच्या, तह करायचे. नुसतं गोड बोलायचं काम आहे."

"नुसतं?" ताई म्हणाली. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसून तिची हयात गेली होती. गोड बोलून बोलून संध्याकाळी जबडा कसा दुखतो, हे त्याला काय ठाऊक!

सगळ्यात अवघड होता शेजारचा जांभळा राजा. चित्रात भुवया चढवलेल्या, राग नाकाच्या शेंड्यावर. चित्राखाली एक पट्टी होती. राजा खूश असला की हिरवी, बिनसलं की लाल. ताईने त्याला घोडे पाठवले, लोखंड पाठवलं. गड्याने सगळं ठेवून घेतलं आणि पट्टी होती तशी लालच. "खाऊन-पिऊन वर तोंड फिरवतोय," ताई पुटपुटली. पण खिडकीशी येऊन ओरडणारा माणूस बहुतेक वेळा कशाला तरी घाबरलेला असतो, हे तिने रोज पाहिलं होतं. तिने नकाशा नीट न्याहाळला. त्याच्या नदीला लागूनच आपली छावणी! तिने ती मुकाट्याने मागे घेतली. पट्टी इवलीशी सरकली. पुढे त्याच्या पलीकडच्या करड्या राणीने त्याच्यावर चाल केली, तेव्हा ताईने न मागता धान्य धाडलं. असं करत करत एका रविवारी तह झाला. "तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे," अशी ओळ त्याच्या चित्राखाली उमटली, तेव्हा ताई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसली.

"वन्सं, एवढा चांगला आहे तर स्थळ बघू का त्याच्यासाठी?" हेडफोनमधून धाकट्याच्या बायकोने त्याच्या मागून विचारलं.

"ताई, तो माणूस नाहीये," धाकटा म्हणाला. "नुसते आकडे आहेत."

"असू देत. शब्दाला जागतो ना!"

पुढच्या रविवारी खेळ रंगात आला असताना ताईच्या दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई होत्या. चेहरा उतरलेला.

"अहो, घर सोडताय? आधी मला सांगायचं तरी! तुमच्या भावाचा फोन आला, पुढच्या महिन्यात तुम्हाला त्यांच्याकडे नेतो, खोल्या रिकाम्या करतो म्हणाले."

"मी बोलते तुमच्याशी," एवढंच म्हणून ताईने दार लावलं आणि परत येऊन हेडफोन कानाला लावले. पलीकडे धाकटा आनंदाने ओरडत होता.

"ताई, बघ बघ! जांभळ्याचं बंदर घेतलं! एक माणूस नव्हता राखणीला!"

पडद्यावर बंदर जळत होतं. जांभळ्या राजाची पट्टी लालभडक झाली होती. "तुम्ही शब्द मोडलात." दोघांची बाजू एक, म्हणून तह मोडल्याचा डागही दोघांवर. बाकीच्या राजांनीही ताईकडे पाठ फिरवली होती.

"राखणीला कोणी नव्हतं, कारण तह होता," ताई म्हणाली. "आपल्या भरवशावर त्याने सगळं सैन्य राणीवर पाठवलं होतं."

"कॉम्प्युटरसाठी एवढी चिडतेस?"

"त्याच्यासाठी नाही रे. मला विचारलं नाहीस म्हणून. आणि घरमालकीणबाई आत्ता येऊन गेल्या."

पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, "म्हणजे? मला तर म्हणालात ताईंशी बोललोय!"

"बोलणारच होतो," धाकटा म्हणाला. मग एकदम त्याचा बांध फुटला. "तू जिन्यात पडलीस, ते मला तुझ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीने सांगितलं. तू नाही! लिफ्टच्या वर उभा राहून काम करतो, खाली बघितलं की तूच पडताना दिसतेस. मी काय करायचं, सांग?"

पडल्याचं ताईने खरोखरच लपवलं होतं, हा असं काहीतरी करेल या भीतीनेच.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "यापुढे काही झालं तर पहिला फोन तुला. डॉक्टरकडे जाताना तूही चल, हवं ते विचार. पण मला इथून उचलू नकोस. खिडकीत बसले की हात थरथरतो, जीभ नाही थरथरत. अजून लोकांना माझा उपयोग होतो रे."

"बाईंना मी फोन करतो," धाकटा शेवटी म्हणाला. "त्यांचीही माफी मागतो." मग जरा घुटमळून, "आणि बंदर परत देऊ?"

"दे."

त्याने दिलं. जांभळ्या राजाने घेतलं आणि म्हणाला, "हे आम्ही विसरणार नाही."

"बघ! परत देऊनही तोंड वाकडंच!"

"मग काय हार घालेल तुला?" ताई म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा दोघंही हसली.

तो डाव काही त्यांना सावरता आला नाही. राणीने आधी जांभळ्याला गिळलं, मग या दोघांना. धाकटा महिन्याभरात सुट्टी टाकून आला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरला त्याने एवढे प्रश्न विचारले की ताईला लाज वाटली आणि बरंही वाटलं. दुपारी त्याने ताईला धरायला न्हाणीघरात बसवायचा दांडा भिंतीला टेकवून धरला.

"इथे?"

"जरा खाली."

त्याने पेन्सिलने खूण केली आणि ड्रिल मशीन उचललं.

"थांब, खाली बाई झोपल्या असतील," ताई म्हणाली. मग तो दांडा भिंतीशी तसाच उभा करून ठेवून दोघं चहा प्यायला बसली.