तिसऱ्या खंडातली सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुना तिसरा खंड आहे. जुनेपणाचं मला दुःख नाही, तिसरेपणाचं थोडं होतं. पाच भावंडांत पहिल्याला सगळे हौसेने उचलतात, पाचव्याला शेवट बघायला चोरून उघडतात. मधल्याची आठवण होते ती तो जागेवर नसला की.

आमची गोष्ट फार पुढच्या काळातली. समुद्र डोंगरांना टेकलेत, यंत्रं मुकी झालीत आणि माणसं पुन्हा जादूवर जगताहेत. पण तिथली जादू फुकटची नाही. प्रत्येक मंत्रापायी आयुष्यातला एक श्वास द्यावा लागतो. त्या जगात वाऱ्याला गाठी मारणारी एक बाई आहे. तिला गाठवाली म्हणतात. वाळूची वादळं मागे लागलेली, आणि ती आपल्या लेकीला घेऊन शेवटच्या दरवाजाकडे निघालेली.

मला एका वाचनालयाने घेतलं. फळीवर उभ्याने मी पुष्कळ माणसं पाहिली. कुणी थुंकी लावून पान उलटतं, कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवतं. "अप्रतिम!" म्हणून परत करणाऱ्या काहींनी तर माझं मधलं पान उघडलंही नव्हतं. मी बोलत नाही, पण माझ्या लक्षात सगळं राहतं. हाताळून हाताळून माझा कणा उसवला आणि मला तळघरातल्या बांधणीच्या खोलीत धाडलं.

तिथे बांधणीवाली होती. टोचणी, मेण लावलेला दोरा, खळीची वाटी, एवढा तिचा संसार. शाळा सुटली की तिची लेक तिथे येई. प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घेई, म्हणून आई तिला वकीलबाई म्हणे. खळ वाळेपर्यंत आई तिला आमची गोष्ट वाचून दाखवी. दोन खंड झाले होते.

"गाठवाली मरणार नाही ना गं?" लेकीने विचारलं. "मरत-बिरत असेल तर आत्ताच सांग. मी ऐकणारच नाही."

"मला काय ठाऊक? मी लिहिलीय का?" आई हसली. मग खोकली, आणि खोकतच राहिली.

तिला ठाऊक होतं. बांधायला आलेलं पुस्तक ती आधी वाचून काढी. स्वतःच्या खोकल्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, तेही तिला ठाऊक होतं.

माझ्यात सोळा पानांचा एक फर्मा होता, एकत्र घडी घालून शिवलेला. त्यात गाठवाली शेवटचा श्वास देऊन दरवाजा उघडते. लेक पलीकडे जाते, ती अलीकडेच राहते. बांधणीवालीने दोरा कापला, तो फर्मा अलगद काढला आणि त्याच्याविनाच मला शिवलं. पण फेकवेना तिला. तिने पानं घडी करून, खळ न लावता, माझ्या कण्याच्या आत अस्तरासारखी सरकवली. माझं काळीज माझ्याच पाठीत गेलं.

त्या सांध्यावर आली तेव्हा तिने वाचता वाचता पदरची ओळ जोडली. "गाठवाली म्हणाली, तू हो पुढे. मी आलेच."

वकीलबाईने मान वाकवून पाहिलं. "आई, दोनशे आठनंतर एकदम दोनशे पंचवीस?"

"छापखानेवाल्यांना आकडे येत नाहीत. तुझ्यासारखंच."

"पण ती येते ना?"

"म्हणाली ना, आलेच म्हणून!"

पुढे एके दिवशी बांधणीवालीने काम अर्धवट सोडून हात धुतले. लेकीला म्हणाली, "मावशीकडे थांब. दवाखान्यात जाऊन मी आलेच."

ती आली नाही. मावशीने सांगितलं, "लांबच्या दवाखान्यात आहे." मोठी माणसं खोटं बोलताना नेहमी लांबचा पत्ता देतात.

मुलीने चौथा खंड नेला, मग पाचवा. आमच्या गोष्टीतल्या जगात गेलेल्यांचं नाव घेत नाहीत, त्यामुळे पुढे गाठवालीचा उल्लेखच नव्हता.

"काका, सहावा कधी येणार?" तिने ग्रंथपालांना विचारलं.

"अगं, गोष्ट संपली."

"अशी कशी संपेल? ती यायचीय अजून."

ग्रंथपाल स्वच्छ चष्मा पुन्हा पुसत राहिले. आईने लेकीचं एक रडणं वाचवलं आणि त्याबदल्यात केवढं वाट पाहणं तिच्या पदरात टाकलं! त्यात कमी काय नि जास्त काय, मला अजून कळलेलं नाही.

मग मला कुणी नेईनासं झालं. धूळ बसली, कणा पुन्हा सैल झाला, आणि मी पुन्हा तळघरात उतरलो. तिथे आता वकीलबाईच कामाला होती. केसांत पांढरं आलेलं, हात आईचे. तिने माझं पुठ्ठ्याचं कवच सोडवलं आणि पानं टेबलावर पडली.

तिने ती उभ्याने वाचली. मग बसून वाचली. मग बोट फिरवत एकच ओळ शोधू लागली.

"मी आलेच... हे तर कुठेच नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "लबाड गं, लबाड!" तिने डोळे बाहीने पुसले, पानांवर थेंब पडू दिला नाही. बांधणीवालीचीच लेक ती.

सोळा पानं तिने जागच्या जागी शिवली. शिवण्याआधी पेन्सिलीला टोक केलं.

मित्रांनो, पुस्तकाची पानं दुमडू नका, थुंकी लावू नका, त्यांवर काही लिहू नका. पण कधी मी तुमच्या हाती आलो, तर दोनशे आठव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीची एक ओळ दिसेल. ती छापलेली नाही, आणि खरीही ठरली नाही. हातात खोडरबर असला तरी तेवढी एक ओळ राहू द्या.