नर्मदाबाईची पात

देवळाच्या ओट्यावरचा दिपालीचा फोटो कासाबाईने उचलला आणि पदराने पुसला. सुनेच्या या फोटोशेजारी बबिताचा होता. तिसरा मात्र अजून पायरीखालीच होता. नर्मदाबाईचा मुलगा सिद्धोधन तो हातात धरून उभा होता.

चार दिवसांपूर्वी सोयाबीन खुरपताना वीज पडून या तिघी गेल्या होत्या. आज गावाची शोकसभा. सिद्धोधनचं मागणं एवढंच होतं, की हरिपाठ झाल्यावर आईसाठी पाच मिनिटं बुद्धवंदना व्हावी.

"तुमच्या विहारात तासभर म्हणा की, कोण नको म्हणायलंय?" देवस्थानचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणाले. "देवळात देवळाची रीत."

"सभा गावाची हाय म्हणून मागायलोय, काका."

सिद्धोधनने आवाज चढवला नाही, पण तो जागचा हललाही नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, म्हणून माणसं खाली बघत राहिली.

कासाबाई खुरपणाऱ्या बायांची मुकादम होती; प्रत्येकीला खुरपायची पात, म्हणजे पिकाची ओळ, तीच वाटून द्यायची. तिला असं खाली बघायची सवय नव्हती.

"मालक, आमची बी एक रीत हाय," ती म्हणाली. "खुरपताना एकीची पात मागं राह्यली तर दुसरी जाऊन वढती. सगळ्यांच्या पाती शेताच्या कडंला, धुऱ्याला लागल्याबिगर कुणी भाकर सोडत न्हाई."

व्यंकटरावांनी आवाज खाली आणला. "त्या नर्मदीची पात वढायला गेली म्हणूनच तुजी सून गेली. अन तू तिचीच बाजू घ्यायलीस?"

कासाबाईचा हात फोटोवर थांबला. एक गोष्ट चार दिवस तिने कुणालाच सांगितली नव्हती, पोटच्या पोरालाही नाही.

"सून आपल्या मनानं गेली न्हवती. मी धाडलं," ती म्हणाली. "आभाळ भरून आलं व्हतं. दिपाली म्हणली, मामी, घरी जाऊ. मी म्हणले, आधी म्हातारीची पात वढ."

समोर बसलेल्या रामकिशनने, दिपालीच्या नवऱ्याने, मान वर केली. आईकडे तो बघतच राहिला. तिला त्याच्याकडे बघवलं नाही. फोटो घेऊन ती पायऱ्या उतरली आणि सिद्धोधनजवळ मातीत बसली. मागोमाग टोळीतल्या बायाही उतरल्या.

"म्हण बाबा," ती म्हणाली.

सिद्धोधनने आईचा फोटो खालच्या पायरीवर ठेवला आणि वंदना सुरू केली. कासाबाईला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती हात जोडून बसली.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. रामकिशन होता. त्याने आईच्या मांडीवरचा दिपालीचा फोटो घेतला आणि नर्मदाबाईच्या फोटोला लागून ठेवला.